कलमांचा पहिला हिवाळा

मराठी समीक्षेत 'बोन्साय' हा शब्द बहुधा शिवी म्हणूनच येतो. कादंबरीचा ऐवज लघुकथेत कोंबला की त्याचे बोन्साय झाले असे आपण म्हणतो. शाळेने मुलांना एकाच साच्याचे वळण लावले की मुलांचेही बोन्साय होते. याउलट 'मूळ' हा शब्द नेहमी आदराचा. मुळे शोधायची असतात, मुळांकडे परतायचे असते, परदेशी गेलेल्याने ती नव्या मातीत रुजवायची असतात. हे दोन्ही शब्द आम्ही दोघांनीही वर्गांत, लेखांत आणि परिसंवादांत वर्षानुवर्षे बिनदिक्कत वापरले. ज्या वस्तूंवरून ते घेतले त्या वस्तूंशी आमचा परिचय नव्हता, आणि तो नव्हता म्हणूनच ते वापरणे इतके सोपे जात होते.

परिचय झाला तो बॉस्टनच्या पश्चिमेकडील एका उपनगरात, दोन हिवाळ्यांच्या काळात. आणि तो बऱ्यापैकी महागात पडला. त्यातून जे आमच्या पदरात पडले ते एका वाक्यात सांगता येते. नुकतीच मुळे फुटलेली कलमे थंड प्रदेशातल्या पहिल्या हिवाळ्यातून तगवायची असतील, तर त्यांना ऊब देऊ नये. त्यांची थंडी जपावी. हे विधान ऐकायला निर्दय वाटते. ते तसे नाही हे दाखवण्याचा येथे प्रयत्न आहे. ते पटले तर वरच्या दोन शब्दांचाही थोडा फेरविचार करावा लागेल, असे आमचे मत आहे.

आमच्या शेजारच्या अंगणात एक जुना जपानी मेपल होता. त्याची पाने माणसाच्या पसरलेल्या पंजासारखी असतात. 'एसर पाल्माटम' हे शास्त्रीय नाव त्यावरूनच पडले. बोन्साय करणाऱ्यांचे हे आवडते झाड, कारण कुंडीत वाढवले की त्याचे पान लहान होत जाते आणि फांद्यांची जाळी बारीक होत जाते. शेजारच्या आजींच्या परवानगीने जून २०२१ मध्ये आम्ही त्याच्या कोवळ्या फांद्या घेतल्या आणि छाटकलमे लावली. छाटकलम म्हणजे काही अपूर्वाई नव्हे. पावसाळ्यात आपल्याकडे गुलाबाच्या, जास्वंदीच्या, मोगऱ्याच्या काड्या लावतात तोच प्रकार. फरक एवढाच की मेपलची काडी अधिक लहरी. वीतभराहून लहान तुकडा, वर पानांची एखाद-दुसरी जोडी, खाली मुळे फुटण्यासाठी संप्रेरकाची पूड, भुसभुशीत ओलसर माध्यम आणि वर पारदर्शक झाकण, एवढ्या सरंजामानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यातल्या काहींना मुळे फुटतात.

या मुळांना शालेय वनस्पतिशास्त्र 'आगंतुक मुळे' म्हणते. बीजातून खाली उतरते ते मूळ. खोडावर, पानावर, जिथे मूळ असण्याचे कारण नाही अशा ठिकाणी फुटते ते आगंतुक. वडाच्या पारंब्या त्याच जातीच्या. पाठ्यपुस्तकाचे भाषांतर करणाऱ्या कोणा अनाम पंडिताने हा शब्द योजला असेल तेव्हा त्याच्या मनात कविता नसावी. पण परक्या देशात हातातल्या ट्रेमध्ये ती पांढरी, दोऱ्यासारखी मुळे पाहताना तो शब्द आम्हाला आठवला आणि आवडला. सप्टेंबरात अकरा काड्यांना मुळे होती.

पुढची चूक आम्ही प्रेमाने केली. आमच्या घरात कढीपत्त्याची एक कुंडी आहे, तुळस आहे, मोगरा आहे. थंड मुलुखातल्या बहुतेक मराठी घरांत हे त्रिकूट सापडते. ऑक्टोबर लागला, रात्री गार पडू लागल्या, की ही मंडळी आत येतात आणि दक्षिणेच्या खिडकीपाशी मे महिन्याची वाट पाहत बसतात. त्यांना आत आणले नाही तर पहिल्या हिमकणांच्या रात्रीच ती संपतात. त्याच ओघात आम्ही मेपलची अकरा बाळेही आत आणली आणि कढीपत्त्याशेजारी मांडली. खोलीचे तापमान वीस-एकवीस अंश. (या लेखातील सर्व अंश सेल्सिअसचे.) नोव्हेंबरात त्यांची पाने वाळून गळली. जानेवारीत चार काड्यांचे डोळे फुगले आणि त्यांतून फिकट, लांबुडकी पाने बाहेर आली. बाहेर फूटभर बर्फ आणि घरात पालवी! आम्ही आनंदाने त्याची छायाचित्रे नाशिकला पाठवली. मार्च संपेपर्यंत ती चारही काळवंडली. उरलेल्या सातांचे डोळे उघडलेच नाहीत. एप्रिलमध्ये शेजारचा मूळ वृक्ष, ज्याला कोणीही आत घेतले नव्हते, नेहमीप्रमाणे लालसर पालवीने भरून गेला. कुंपणाच्या अलीकडे त्याचीच अकरा कलमे मेलेली होती.

असे का झाले, हे समजून घ्यायला आम्हाला पुढचा उन्हाळा लागला.

समशीतोष्ण प्रदेशातले झाड थंडी 'सहन' करते असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे. त्याला थंडी लागते. दिवस लहान होऊ लागले की त्याची वाढ थांबते, पाने गळतात, पेशींतल्या पिठूळ साठ्याची साखर होऊ लागते, आणि डोळ्यांवर एक आतली सुप्ती उतरते. ही सुप्ती अशी की तुम्ही ऊब द्या, पाणी द्या, उजेड द्या, डोळा उघडत नाही. तिचे कुलूप उघडते ते थंडीनेच: साधारण शून्य ते सात अंशांच्या दरम्यान काढलेल्या तासांनी. झाडागणिक हे तास काही शे ते हजारांहून अधिक असतात. तो हिशेब पुरा झाला की आतली सुप्ती संपते. मग झाड थांबलेले असते ते फक्त बाहेर थंडी आहे म्हणून. म्हणजे एका हिवाळ्यात झाड दोनदा झोपते. पहिली झोप त्याची स्वतःची, दुसरी बाहेरच्या थंडीने लादलेली. पहिल्या झोपेतून त्याला कोणी उठवू शकत नाही. दुसरीतून मात्र चार उबदार दिवसही उठवू शकतात, आणि अवेळी उठलेले झाड पुढच्या कडाक्यात सापडते.

आमच्या सात काड्यांची पहिली झोप पुरी झाली नाही म्हणून त्या उघडल्या नाहीत. चार काड्यांना ऑक्टोबरातल्या गार रात्री कशाबशा पुरल्या असाव्यात; त्या उघडल्या, पण साठा नसताना. नुकते मूळ फुटलेले कलम हे आपली पुंजी आधीच खर्चून बसलेले असते. मुळे फोडण्यात ती गेलेली असते, आणि पानांनी पुन्हा भर घालावी इतके दिवस उरलेले नसतात. मेपलची कलमे रुजतात सहज आणि मरतात पहिल्या हिवाळ्यात, ही रोपवाटिकांची जुनी रड आहे. मायकेल डर आणि चार्ल्स ह्यूझर यांच्या १९८७ च्या अभिवृद्धीवरील संदर्भग्रंथापासून या विषयावरील लेखनात एक सल्ला पुन्हा पुन्हा येतो: अशी कलमे शरद ऋतूत उपटून नव्या कुंडीत लावू नयेत, ज्या ट्रेमध्ये मुळे फुटली त्यातच, न हलवता, थंडीत ठेवावीत, आणि वसंतात नवी वाढ दिसल्यावरच हात लावावा. आम्ही सप्टेंबरातच प्रत्येक काडी उपसून, तिची मुळे न्याहाळून, वेगळ्या कुंडीत बसवली होती. हौसेला मोल नसते म्हणतात. येथे ते होते.

आता प्रश्न असा, की थंडी लागते तर ट्रे सरळ अंगणात का ठेवू नये? मूळ वृक्ष बाहेरच असतो की! याच ठिकाणी आमच्या 'मूळ' या लाडक्या शब्दाला पहिला तडा गेला.

आपल्या भाषेत मूळ हा झाडाचा सर्वांत बळकट भाग असतो. प्रत्यक्षात, थंडीपुरते बोलायचे तर, तो सर्वांत नाजूक असतो. ज्या झाडाची फांदी उणे वीस-पंचवीस अंश सोसते, त्याच झाडाची कोवळी मुळे उणे पाच अंशांच्या आसपास मरू लागतात. मुळांना डोळ्यांसारखी आतली सुप्ती नसते. माती ऊबदार राहिली की ती हिवाळ्यातही पुढे सरकत राहतात. त्यामुळे फांदीइतकी कणखर होण्याची तयारी त्यांच्यात होत नाही. तिची गरजही नसते, कारण जमिनीत, पाचोळ्याच्या आणि बर्फाच्या थराखाली, बाहेर उणे वीस असतानाही तापमान शून्याच्या जवळपास रेंगाळत असते. मूळ बळकट वाटते ते जमिनीच्या खोलीमुळे. कुंडीतल्या मुळाला ती खोली नसते. त्याच्या चारही बाजूंनी, बोटभर मातीपलीकडे, सगळा हिवाळा उभा असतो.

म्हणून आमच्या मते कलमे हिवाळ्यात तगवण्याची सारी विद्या एवढीच आहे: कुंडीने जमिनीची जी खोली हिरावून घेतली, ती चार महिन्यांपुरती परत करायची. घराची ऊब द्यायची नाही, उघड्यावरही टाकायचे नाही. जमीन मुळाला जी थंडी देते ती द्यायची: स्थिर, ओलसर, शून्याच्या आगेमागे हेलकावणारी आणि सर्वस्वी कंटाळवाणी. जपानमध्ये यासाठी 'मुरो' नावाची खोली असते. इथले लोक काचेचे झाकण असलेली पेटी जमिनीत अर्धी पुरतात, कोणी कुंड्याच वाफ्यात गाडून वर पाला टाकतात, कोणी शेगडी नसलेली खोली वापरतात. साधने निराळी, हेतू एकच.

जून २०२२ मध्ये आम्ही पुन्हा काड्या लावल्या. सोळापैकी तेरा रुजल्या. या वेळी गोष्ट अधिक निकडीची झाली. त्या शरदात आजींनी घर विकले आणि त्या एका लहान सदनिकेत राहायला गेल्या. नव्या मालकांना मोटारीसाठी वाट रुंद करायची होती, आणि ऑक्टोबरच्या एका सकाळी मेपल कापला गेला. करवतीचा आवाज दोन तास चालला. त्या झाडाचे जे काही उरले ते आमच्याकडच्या एका ट्रेमध्ये तेरा काड्यांच्या रूपाने होते. छाटकलम हे मूळ झाडाचे अपत्य नसते, तेच झाड असते. म्हणजे आता ते झाड तेथेच होते, आणि आदल्या वर्षीचा आमचा लौकिक आम्हाला ठाऊक होता.

आम्ही ट्रेला हात लावला नाही. पाने गळेपर्यंत तो अंगणातच राहू दिला, कारण गार रात्रींनी येणारा काटकपणा त्याला मिळायला हवा होता. नोव्हेंबरअखेर तो थर्माकोलच्या खोक्यात बसवला, भोवती कोरडा पाला दाबून भरला, वरून उंदरांसाठी तारेची जाळी टाकली (हिवाळ्यात उपाशी उंदीर कोवळी साल सोलून खातात) आणि खोका मोटारीच्या गॅरेजमध्ये, घराच्या भिंतीलगत, जमिनीवर ठेवला. गॅरेज अंधारे होते. पण पाने नसलेल्या झाडाला उजेडाचे काम नसते. मातीत तापमापकाची नळी खोचली. दहा-बारा दिवसांनी माती बोटाने पाहायची आणि सुकत आली असेल तरच थोडे पाणी घालायचे. हिवाळ्यात कलमे थंडीइतकीच कोरडीही पडून मरतात; आणि पाणी जास्त झाले तर कुजतात. अति तिथे माती, ही म्हण कुंडीवाल्यांनीच काढली असावी.

नेमका तो जानेवारी मॅसॅच्युसेट्सच्या नोंदींतला सर्वांत उबदार जानेवारी ठरला. गॅरेजमधला पारा नऊ-दहा अंशांवर जाऊ लागला. तेव्हा आम्ही रोज रात्री गॅरेजचे दार उघडून थंडी आत घ्यायचो आणि सकाळी ती कोंडून ठेवण्यासाठी दार लावायचो. ज्या देशात सारे लोक दाराच्या फटी बुजवून थंडी बाहेर ठेवतात, तेथे हा उद्योग पाहून शेजाऱ्यांना काय वाटले असेल ते असो. आम्हाला मात्र थंडी जपणे म्हणजे काय ते त्या महिन्यात समजले.

मग फेब्रुवारी आला. ४ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे बॉस्टनमध्ये पारा उणे २३ अंशांवर गेला. शहरात इतकी थंडी १९५७ नंतर पडली नव्हती. अंगणात बर्फाचे पांघरूणही नव्हते. आदल्या संध्याकाळी नाशिकहून आईंचा फोन होता. "अरे, घरात घ्या ना ती. गारठून मरतील बिचारी!" आईंचे माहेर निफाडकडचे, द्राक्षबागायतदारांचे. निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरला की रात्री बागेत शेकोट्या पेटवायच्या, पहाटे पाणी सोडायचे, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. त्यांच्या सांगण्यात अडाणीपणा मुळीच नव्हता. तेथे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करून वेलीला झोपूच देत नाहीत. छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून रसायन लावतात, जे थंडीने करायचे काम करते. ऐन थंडीत त्या वेलीवर घड असतात. जागी आणि लेकुरवाळी वेल गारठ्यात सापडली तर शेकोटी हेच शहाणपण. आमची काडी झोपलेली होती. तिला शेकोटी म्हणजे अवेळी हाक.

खरे सांगायचे तर त्या रात्री आम्हा दोघांतही एकमत नव्हते. एकाचे म्हणणे, निदान चार काड्या आत घ्याव्यात. शेवटी घेतल्या नाहीत. खोक्यावर दोन जुन्या रजया टाकल्या आणि झोपलो. म्हणजे पडून राहिलो. मध्यरात्री गॅरेज उणे नऊवर होते, ट्रेमधली माती उणे एकवर. पहाटे पाच वाजताही माती उणे एकवरच होती. हा चमत्कार नव्हता. ओल्या मातीतले पाणी गोठताना आपली उष्णता सोडते आणि सारे गोठेपर्यंत पारा तेथेच अडखळतो. निफाडला पहाटे पाणी सोडतात त्यामागेही पाण्याजवळची हीच ऊब असते. आईंचे अर्धे शास्त्र तेथे लागू पडले, आणि ते आम्ही त्यांना फोन करून सांगितले. त्या थंडीने न्यू इंग्लंडमधल्या पीचच्या बागांत फुलांचे डोळे जाळले. आमच्या तेरांपैकी नऊ काड्यांवर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात लालसर डोळे उघडले. चार गेल्या, का गेल्या ते कळले नाही.

हा अनुभव आमचाच नव्हे, मोठ्या ठिकाणीही असाच आहे. बॉस्टनमध्येच हार्वर्ड विद्यापीठाचे आर्नल्ड आर्बोरीटम हे वृक्षोद्यान आहे. तेथे लार्झ अँडरसन या अमेरिकी राजदूताने १९१३ मध्ये जपानहून आणलेली कुंडीतली झाडे आहेत; त्यांच्या पश्चात इझाबेल अँडरसन यांनी १९३७ मध्ये ती उद्यानाला द्यायला सुरुवात केली. त्यांतल्या हिनोकी जातीच्या सर्वांत जुन्या झाडाची घडण १७३७ पासूनची मानतात. थोरले बाजीराव दिल्लीच्या वेशीवर धडकले ते हेच वर्ष. ही झाडे हिवाळ्यात उबदार काचघरात ठेवत नाहीत. ती गोठणबिंदूच्या किंचित वर राखलेल्या थंड कोठीत, डोळ्यांआड काढतात. पावणेतीनशेहून अधिक वर्षांच्या या आयुष्याचे रहस्य आम्ही काचघरात शोधत होतो. ते कोठीत निघाले.

साहित्याच्या वाचकांना येथे 'हाची नो की' या जपानी नो नाटकाची आठवण द्यावीशी वाटते. नावाचा अर्थ 'कुंडीतली झाडे'. बर्फाच्या रात्री एक भिक्षू सानो त्सुनेयो या दरिद्री सामुराईच्या झोपडीत आश्रयाला येतो. घरात राळ्यांच्या भाताखेरीज काही नाही आणि जळण तर मुळीच नाही. वैभवाच्या काळातली तीन कुंडीतली झाडे तेवढी उरलेली: प्लम, चेरी आणि पाइन. पाहुण्याला ऊब मिळावी म्हणून तो ती तोडून जाळतो. भिक्षू म्हणजे वेश पालटलेला होजो तोकियोरी, कामाकुराचा सूत्रधार. पुढे तो त्सुनेयोला त्या तीन झाडांची नावे असलेल्या तीन जहागिऱ्या देतो. हे नाटक आतिथ्याचे आणि स्वामिनिष्ठेचे म्हणून वाचले जाते, आणि ते योग्यच आहे. आम्हाला आता त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या रात्रीच्या हिमवर्षावाने त्या झाडांचे काही बिघडणार नव्हते. त्यांचा अंत थंडीने नव्हे, उबेपायी झाला. माणसाची ऊब आणि झाडाची ऊब एक नव्हे, हे त्सुनेयोला ठाऊक होते, म्हणून त्याचा त्याग त्याग आहे. आम्ही हे न कळता अकरा झाडे उबेला बळी दिली.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. झाडाला कुंडीत कोंबलेच नसते तर हा खटाटोप लागला असता का? मार्ज पियर्सी यांची 'अ वर्क ऑफ आर्टिफिस' ही कविता अनेकांनी वर्गात वाचली, शिकवली असेल; तीत बोन्सायची घडण आणि स्त्रीची घडण शेजारी शेजारी ठेवली आहे. स्त्रीच्या बाबतीत ती कविता खरी आहे, तीत आम्हाला एक शब्दही बदलायचा नाही. झाडाच्या बाबतीत मात्र ती खुंटवणाऱ्या हातापाशी थांबते. कुंडी झाडाची खोली हिरावते, हे आम्ही वर मान्य केलेच आहे. पण त्याच क्षणी ती हिरावणाऱ्यावर एक ऋण चढते, आणि ते ऋण दर नोव्हेंबरात, झाड जगेल तोवर, फेडावे लागते. ज्याने ते फेडले नाही त्याच्याकडे बोन्साय नसते, वाळलेली काडी असते. म्हणून एखाद्या व्यवस्थेने मुलांचे 'बोन्साय केले' असे लिहिताना आम्ही आता थबकतो. बहुतेक व्यवस्था फक्त कुंडी देतात. हिवाळ्याची जबाबदारी घेत नाहीत. त्यांना बोन्सायची उपमा देणे हा त्यांचा गौरव आहे.

'मुळां'बद्दलही तेच. परदेशस्थ मराठी लेखनात मुळे तुटल्याचे दुःख फार असते, आणि आमचेही काही लेखन त्यातलेच आहे. पण मुळे बरोबर येतात; आगंतुक तर कोठेही फुटतात. बरोबर येत नाही ती खोली: ज्या जमिनीमुळे मुळे न बोलता बळकट वाटत होती ती. तिच्या जागी आपण ऊब आणतो. मंडळे, गणपती, कढीपत्त्याच्या कुंड्या, सगळे कसे उबदार. कढीपत्त्याला ती ऊब लागतेच, आणि आमचा कढीपत्ता आजही खिडकीत सुखात आहे. पण प्रत्येक रोप कढीपत्ता नसते. इथे जन्मलेली मुले, इथे सुचलेले लेखन यांतले काही मेपलच्या जातीचे असू शकते, ज्याला इथलीच थंडी लागेल, आणि आपण दर आठवड्याला उपसून मुळे किती वाढली ते पाहू नये हे लागेल. कोणते रोप कोणत्या जातीचे, हे आधी ओळखावे, एवढीच आमची विनंती.

उपमा वापरू नयेत असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हटले तर आम्हा मंडळींचा धंदाच बुडेल. पण वर्गात पुढच्या वेळी कोणी 'रुजणे' लिहिले तर कोणते झाड, कोणत्या ऋतूत आणि किती खोल, हे प्रश्न विचारायला हरकत नसावी.

नऊ झाडांतले एक आजींकडे गेले. त्यांच्या सदनिकेला उत्तरेकडची एक लहानशी गॅलरी आहे. दर नोव्हेंबरात आम्ही पाल्याचे पोते घेऊन जातो, कुंडी खोक्यात बसवतो आणि खोका भिंतीच्या कोपऱ्यात सरकवतो. पहिल्या वर्षी त्यांनी विचारले होते, आत घेतले तर नाही का चालणार? आम्ही नाही म्हणालो. आता त्या विचारत नाहीत. पाला नीट दाबला आहे की नाही तेवढे हाताने चाचपून पाहतात.